पळून आल्यानंतरचं रक्त

माझा नवरा पळायला लागला तेव्हा आधी मला हसू आलं आणि महिन्याभरात त्याचा हेवा वाटायला लागला. इतका की त्याचे बूट दारात दिसले तरी माझं डोकं फिरायचं. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एखाद्या बाईवर जळणाऱ्या बायका असतात, नवऱ्याच्या आईवर जळणाऱ्या तर घरोघरी असतात. नवऱ्याच्या घामावर जळणारी मात्र मी एकटीच असेन.

आम्ही तेव्हा रीडिंगला राहत होतो. दोन हजार चार-पाचचा सुमार. तो एम-फोर मोटरवेलगतच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये होता, मी कौन्सिलच्या लायब्ररीत अर्धवेळ काम करायचे आणि मुलगी नुकतीच सेकंडरी शाळेत गेली होती. (तोंडावर मी त्याला अहो म्हणते. लिहिताना 'तो' म्हणायची सवलत माझी मीच घेतली आहे.) चाळिशीच्या तपासणीत त्याचं कोलेस्टेरॉल जरा जास्त निघालं. सर्जरीतली, म्हणजे आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यातली, नर्स म्हणाली, थोडा व्यायाम करा. पुण्यात असताना कोपऱ्यावरून दूध आणायलाही स्कूटर काढणारा हा माणूस त्या शनिवारी बुटांच्या दुकानात गेला, तिथल्या ट्रेडमिलवर पळून दाखवलं, आपल्या पावलांची फिल्म काढून घेतली आणि विक्रेत्यानं सांगितलेले बूट घेऊन घरी आला. त्याचं पाऊल म्हणे आतल्या बाजूला कलतं. रात्री जेवताना त्यानं हे अशा कौतुकानं सांगितलं, की जणू पावलाला एखादी पदवी मिळाली होती.

सुरुवातीला तो थेम्सच्या काठानं पुलापर्यंत पळत जायचा आणि बसनं परत यायचा. मग बसनं येणं सुटलं. मग तो एका क्लबात जायला लागला. रविवारी सकाळी दहा-पंधरा इंग्रज बायका-पुरुषांबरोबर भर पावसात चिखल तुडवून यायचा आणि ओले मोजे रेडिएटरवर टाकून त्यांच्याबद्दल बोलत बसायचा. कोण किती मिनिटांनी पळतं, कोणाचा गुडघा गेलाय, कोणी कुठला पट्टा छातीला बांधलाय. त्यानंही पट्टा आणला. छातीला बांधायचा आणि मनगटावरच्या घड्याळात हृदयाचे ठोके बघायचे. मी पोळ्या लाटत असले की मनगट माझ्या नाकासमोर धरून म्हणायचा, "बघ, बसल्यावर आता साठच्या खाली येतात."

मी बघायचे. आणि पोळी जरा जास्तच पातळ लाटली जायची.

एकदा मी त्याला रस्त्याच्या वळणावरून घराकडे पळत येताना पाहिलं. कोपरं बाहेर, मुठी आवळलेल्या, खांदे कानापर्यंत चढलेले, आणि टाच दाणदाण जमिनीवर आपटतेय. त्याला पळता येत नव्हतं. मला ते स्पष्ट दिसत होतं आणि बोलता येत नव्हतं. मला पळता येतं, म्हणजे एके काळी यायचं, हा विषय घरात काढायचा नाही असं कुणी न ठरवताच ठरलेलं होतं.

मी अकोल्याची. कॉलेजात आठशे आणि पंधराशे मीटर पळायचे. ट्रॅक म्हणजे मैदानात चुन्यानं आखलेली मातीच, आणि पायात कॅनव्हासचे बूट. माझे वडील शाळेत गणित शिकवायचे. पहाटे ते सायकल घेऊन माझ्या मागे यायचे. ओरडायचे नाहीत, फक्त घंटी वाजवायचे. घंटी वाजली की समजायचं, वेग पडतोय. परतताना मी कॅरिअरवर बसून यायचे आणि ते मला कालच्यापेक्षा आज किती फरक पडला ते हिशेब करून सांगायचे. त्या वयात मला घरात, कॉलेजात, कुठेच फारसं कुणी विचारत नव्हतं. पळताना मात्र मी पुढे असायचे आणि बाकीच्या मागे, आणि ते मला फार म्हणजे फार आवडायचं.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला विद्यापीठाच्या संघात माझी निवड झाली. स्पर्धा पंजाबात होत्या. जाण्याआधी मेडिकल करायचं होतं. डॉक्टरांनी नाडी धरली, सोडली, पुन्हा धरली. फार हळू होती. मग ईसीजी काढला, तोही त्यांना विचित्र वाटला. मग छातीचा एक्स-रे. तो खिडकीच्या उजेडात धरून ते वडिलांना म्हणाले, हृदयाचा आकार वाढलाय, ही मुलगी एक दिवस मैदानातच कोसळेल, आजपासून पळणं बंद. वडिलांनी हात जोडले, त्यांचे आभार मानले. घरी येताना त्यांनी मला कॅरिअरवर बसवलं आणि स्वतः सायकल हातात धरून पायी चालले. मला चालू द्यायचीही त्यांना भीती वाटत होती. एकोणीस वर्षांची धडधाकट मुलगी बापानं अशी ढकलत नेताना सगळा रस्ता बघत होता.

मी पंजाबला गेले नाही. माझ्या जागी माझ्याहून हळू पळणारी एक मुलगी गेली. तिचा चेहरा मला अजून आठवतो, नाव मुद्दाम विसरले आहे.

पुढे लग्न ठरवायची वेळ आली. वडील सरळ माणूस. मुलीला बघायला आलेल्या प्रत्येकाला ते चहाच्या आधीच सांगायचे, की हिच्या हृदयाचा आकार जरा वाढलेला आहे, घरकामाला अडचण नाही, पण जपावं लागेल. तीन-चार स्थळं चहा पिऊन गेली ती गेलीच. ह्यानं मात्र हो म्हटलं. मला तो आवडला होता, मलाही हो म्हणायचंच होतं, पण माझ्या होकाराची नोंद कुणी घेतली नाही. 'त्यानं सगळं ठाऊक असून तुला करून घेतलं' हे वाक्य मी माहेरी ऐकलं, सासरी ऐकलं आणि पुढे इंग्लंडातही ऐकलं. त्यानं स्वतः ते कधी म्हटलं नाही, हे मात्र खरं. त्याला म्हणायची वेळच येत नव्हती.

मग जपणं सुरू झालं. मी बादली उचलायची नाही, जिना दमानं चढायचा, बाळंतपण सिझेरियननंच. मोठ्या डॉक्टरांना एकदा दाखवू, असं दर दिवाळीत ठरायचं आणि दर दिवाळीत आई म्हणायची, कशाला उगीच उकरून काढायचं, चाललंय ना बरं. मलाही भीती वाटायचीच. काही होत नव्हतं, ते आपण जपतोय म्हणूनच होत नाही असं मलाही पटलं होतं.

इंग्लंडला आल्यावर सर्जरीत नाव नोंदवताना नर्सनं विचारलं, काही जुना आजार? माझ्या आधी नवराच 'नो' म्हणाला. बाहेर आल्यावर म्हणाला, "उद्या व्हिसाला, इन्शुरन्सला प्रॉब्लेम नको. आपण जपतोच आहोत की." आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीला त्यानं सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं, की हिला खुर्च्या उचलायला लावू नका, हिचं हार्टचं आहे. त्यामुळे माझ्या हृदयाची गोष्ट आमच्या बर्कशायर काउंटीतल्या प्रत्येक मराठी घराला ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती फक्त माझ्या डॉक्टरला.

तर अशी मी खिडकीत उभी राहून त्याचं पळणं बघायचे. पळायला लागल्याच्या दुसऱ्या वर्षी त्याला लंडनमधल्या मोठ्या मॅरेथॉनमध्ये जागा मिळाली आणि आमचं घर म्हणजे एक तयारीचा तळ झाला. फ्रिजवर तक्ता, बाथरूममध्ये व्हॅसलीनचे डबे. आदल्या दिवशी त्याला पास्ताच हवा होता.

"कार्ब्ज लागतात," तो म्हणाला.

"मग वरणभातात काय असतं?"

"ते वेगळं. मी वाचलंय."

मी पास्ता केला. मीठ घालायला विसरले म्हटलं तरी चालेल.

त्याच्या क्लबात त्या वर्षी एका विद्यापीठाचे लोक येऊन गेले होते. हृदय स्वतःच एक हार्मोन तयार करतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. हृदयाच्या भिंतीवर ताण आला की ते रक्तात उतरतं. धाप लागलेला पेशंट हॉस्पिटलात आला, की त्याचं हृदय थकलंय का हे बघायला डॉक्टर हल्ली ते मोजायला लागले होते. ते लांब पळणाऱ्या माणसांत कसं वागतं, हे ह्या लोकांना बघायचं होतं. रक्त तीनदा द्यायचं होतं. शर्यतीच्या आधी एकदा, शर्यत संपल्या संपल्या तंबूत एकदा आणि दुसऱ्या दिवशी एकदा. नवऱ्यानं लगेच नाव दिलं. आता त्याच्या रक्तालाही मागणी होती.

शर्यतीच्या दिवशी मी आणि मुलगी त्याचं जॅकेट, केळी आणि छत्री सांभाळत शेवटच्या वळणावर उभ्या होतो. त्याच्या बनियनवर त्याचं नाव छापलेलं होतं आणि कुठले कुठले लोक ते वाचून त्याला नावानं हाका मारत होते, टाळ्या वाजवत होते. एक म्हातारी तर त्याला 'डार्लिंग' म्हणाली. तो रडवेला होऊन, कोपरं बाहेर काढून, पाय ओढत आला. ज्या वेगानं तो आला, त्या वेगानं मी मैत्रिणींशी गप्पा मारत पळायचे. मुलगी उड्या मारत होती. मी टाळ्या वाजवल्या, पण माझे दात एकमेकांवर घट्ट आवळलेले होते आणि संध्याकाळपर्यंत माझा जबडा दुखत होता.

तंबूत त्यानं रक्त दिलं. दुसऱ्या दिवशीचं मात्र राहिलं. मंडळातल्या डॉक्टरकाकांनी सोमवारी दुपारी त्यांच्या घरी त्याचा सत्कार ठेवला होता. श्रीखंड-पुरी, शाल, श्रीफळ, सगळं. पायऱ्या उतरताना त्याला कठडा धरावा लागत होता, आम्ही दोघींनी त्याला धरून गाडीत बसवलं. काकू म्हणाल्या, "हिचं सगळं सांभाळून ह्यानं एवढं केलं, कौतुक आहे." मी पुऱ्या तळायला आत गेले. श्रीखंड खाऊन तो तिथेच सोफ्यावर झोपला आणि तिसऱ्यांदा रक्त द्यायची वेळ निघून गेली. एवढ्यानं काय होतंय, असं सगळेच म्हणाले.

काही आठवड्यांनी त्याला ई-मेलनं आकडे आले. शर्यतीच्या आधीचा अगदी कमी. शर्यतीनंतरचा त्याच्या कितीतरी पट जास्त. तिसऱ्या रकान्यात आडवी रेघ. सोबत एक लांबलचक परिच्छेद होता, तो वाचायच्या आधीच नवऱ्यानं तो कागद छापून डॉक्टरकाकांकडे नेला.

काका हाडांचे डॉक्टर. सत्तरच्या दशकात इथे आलेले, आता निवृत्तीला टेकलेले. पण मंडळात कुणालाही काहीही झालं, कानात दडा बसो की पोटात गोळा येवो, आधी काका आणि मग सर्जरीतला जीपी, हाच क्रम होता. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद जवळ धरला आणि बोटानं रकाने पुन्हा पुन्हा तपासले.

"हा आकडा घेऊन एखादा पेशंट माझ्या वॉर्डात आला असता," ते शेवटी म्हणाले, "तर मी त्याला कार्डिऑलॉजीला विचारल्याशिवाय घरी सोडला नसता. तू आता पळणं बंद कर. एकदम बंद."

त्या रात्री गाडी मी चालवली.

पुढचे काही दिवस आमच्या घरात जे झालं ते मला पाठ होतं. तो सोफ्यावर पाय वर घेऊन बसला. बाजाराच्या पिशव्या आता मी उचलू लागले, म्हणजे ज्या उचलायला इतकी वर्षं मला बंदी होती त्याच. कुणी दुधीचं सूप आणून दिलं, कुणी अर्जुनाच्या सालीची पावडर. रोज फोन. क्लबातल्या एका बाईनं फुलं पाठवली. तो आपल्याच मनगटाची नाडी धरून भिंतीकडे बघत बसायचा. मुलीनं एकदा मला स्वयंपाकघरात तिच्या मोडक्या मराठीत विचारलं, "आई, बाबाचा हार्ट पण तुझ्यासारखी झाली का?"

मी तिला जवळ घेतलं, बाबांना काही होणार नाही म्हटलं. आणि मनातून माझा नुसता जळफळाट चालला होता. मला त्याची काळजी वाटत नव्हती असं नाही, रात्री मी त्याचा श्वास ऐकत पडायचे. पण पळणं माझं होतं, ते त्यानं घेतलं. आता आजारही माझाच होता, तोही त्यानं घेतला. आणि दोन्ही गोष्टी तो माझ्यापेक्षा थाटात करत होता. मला थांबवलं तेव्हा कुणी फुलं पाठवली नव्हती. आईनं फक्त माझे बूट मोलकरणीच्या मुलीला देऊन टाकले होते.

त्यानं विद्यापीठाच्या लोकांना ई-मेल लिहिलं आणि त्यांनी त्याला लगेच बोलावलं. बरोबर मी गेले. तिथली डॉक्टर एक उंच, भुऱ्या केसांची स्कॉटिश बाई होती, पॅंटखाली पळायचेच बूट घातलेली. तिनं त्याचं रक्त पुन्हा घेतलं, ते आतल्या खोलीतल्या यंत्रात लावलं आणि तोवर त्याला आडवं करून छातीवर जेल लावून हृदयाची सोनोग्राफी केली. आकडा आला तो अगदी कमी, शर्यतीच्या आधी होता तसाच. ती हसली. म्हणाली, तुम्हाला काहीही झालेलं नाही. काही तास सलग पळालं की चांगल्या, निरोगी हृदयातूनही हे हार्मोन भरपूर बाहेर पडतं आणि एक-दोन दिवसांत खाली येतं. पळून आल्यानंतरचं रक्त वॉर्डातल्या पेशंटच्या मापानं मोजायचं नसतं. तिसऱ्यांदा आला असता तर तेव्हाच दिसलं असतं. का नाही आलात?

"देअर वॉज अ फंक्शन," नवरा म्हणाला.

मग जेल पुसायला त्याला टिश्यू देता देता ती आणखी एक गोष्ट सांगायला लागली. ह्या हार्मोनचा खरा उपयोग तिला दुसरीकडेच दिसत होता. खूप वर्षं जोरदार पळणाऱ्यांचं हृदय मोठं होतं, नाडी हळू होते, ईसीजी वेगळा दिसतो. आजारानं मोठं झालेलं हृदयही बाहेरून तसंच दिसू शकतं. पण आजारी हृदय बसल्या जागीही हे हार्मोन सोडत राहतं आणि खेळाडूचं हृदय शांत बसलेलं असताना सोडत नाही. पूर्वी हे कळायला मार्ग नव्हता, ती म्हणाली, त्यामुळे किती तरी चांगल्या खेळाडूंना आजारी समजून थांबवलं गेलं.

ती हे अगदी सहज म्हणाली, हात धुता धुता.

नवरा शर्टाची बटणं लावत होता. तो माझ्याकडे बघेल असं मला वाटलं. तो बटणंच लावत राहिला.

"मला एक विचारायचंय," मी म्हणाले. "माझ्याबद्दल."

"अगं, ते आता कशाला?" तो मराठीत म्हणाला. "आज चांगली बातमी मिळालीय ना."

"तुम्हाला मिळालीय," मी म्हटलं आणि इंग्रजीत सगळं सांगायला लागले. नाडी, ईसीजी, एक्स-रे, पंजाब. इतक्या वर्षांत कुठल्याही डॉक्टरला मी ते पहिल्यांदाच सांगत होते. ती स्टूल ओढून माझ्यासमोर बसली. मधे एकदाच तिनं विचारलं, आठशे मीटरला तुमचा वेळ किती होता? मी सांगितला. तिनं भुवया उंचावल्या. तेवढ्या भुवयांसाठी मी तिला मिठी मारली असती. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा प्रश्न नवऱ्यानं मला एकदाही विचारला नव्हता.

त्यांना अभ्यासासाठी न पळणारी त्याच वयाची माणसंही हवी होती. तिनं माझं नाव त्यात घातलं. रक्त त्याच दिवशी घेतलं, पण ते बाकीच्यांबरोबर तपासलं जाणार होतं आणि सोनोग्राफीची तारीख पुढच्या आठवड्यात होती.

तो आठवडा मी कसा काढला ते सांगते. आकडा जास्त आला तर मला खरंच आजार होता, वडिलांनी केलं ते बरोबर होतं, आणि मुलगी अजून लहान होती. आकडा कमी आला तर मला काहीच नव्हतं, आणि मग ती सगळी वर्षं कशासाठी गेली? देवासमोर निरांजन लावून मी उभी राहायचे आणि काय मागायचं ते मला सुचायचं नाही. एका संध्याकाळी तर मी चक्क आजार मागितला. मोठा नको, छोटासा, औषधानं आटोक्यात राहील असा. निदान मला थांबवण्यामागे काहीतरी होतं असं मला म्हणता आलं असतं. तेवढ्यात नवरा बूट घालून बाहेर पडला, शीळ घालत, आणि मी निरांजन तसंच ठेवून खिडकीशी गेले.

आकडा कमी आला. त्याच्यापेक्षाही कमी. सोनोग्राफीत हृदयाचा आकार नॉर्मल, भिंती नॉर्मल, झडपा उत्तम. डॉक्टर शब्द जपून वापरत होती. तेव्हाचं हृदय आज मला बघता येत नाही, ती म्हणाली, त्यामुळे शपथेवर काही सांगता यायचं नाही. पण पळून मोठं झालेलं हृदय पळणं सोडल्यावर लहान होतं. आजारानं मोठं झालेलं असं इतकी वर्षं काही न करता सुधारत नाही. माझं मत विचाराल तर तुम्हाला आजार नव्हता. तुम्ही फक्त चांगल्या धावपटू होता. मग ती 'सॉरी' म्हणाली. सगळ्या प्रकरणात हा शब्द वापरणारी ती एकटीच.

नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पार्किंगमध्येच त्यानं मोबाइल काढून काकांना फोन लावला. "काका, हिचं हार्ट एकदम ठणठणीत. हो, हो. काहीच नाही. देवाची कृपा." काका तिकडून काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, पण ते बराच वेळ आनंदानं बोलत होते.

गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "तू खूश नाहीस?"

"तुम्हाला किती दिवस वाटत होतं, आपल्याला आजार आहे असं?"

"आठ-दहा दिवस. वाईट गेले गं."

"मला वीस-बावीस वर्षं."

त्यानं गाडी सुरू केली. हा माणूस दुष्ट नाही, कधीच नव्हता. त्याला खरंच काहीतरी चांगलं करायचं होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तो माझ्या हातावर हात ठेवून म्हणाला, "मग आता ये ना माझ्याबरोबर. घाबरू नकोस. हळूहळू शिकवीन मी तुला."

मी हात काढून घेतला आणि खिडकीची काच खाली केली. घरी पोचेपर्यंत मी काही बोलले नाही. बोलले असते तर लग्न मोडलं असतं.

दुसऱ्या दिवशी लायब्ररीला सुट्टी होती. दोघं बाहेर गेल्यावर मी एकटी नदीकाठच्या वाटेवर गेले आणि इकडेतिकडे बघून पळायला लागले. पहिल्या वळणापर्यंतही मला जाता आलं नाही. श्वास घशात अडकला, गुडघे भलतीकडे गेले, छातीत आग झाली. हृदय ठीक होतं, ते मला आता यंत्रानं सांगितलेलं होतं. बाकी काहीच शिल्लक नव्हतं. एका बाकावर बसून मी त्या एकोणीस वर्षांच्या मुलीवर जळत राहिले. तिला ते सगळं येत होतं आणि तिनं एका शब्दानंही भांडण केलं नव्हतं. बदकं पाव मिळेल म्हणून जवळ आली आणि काही मिळत नाही म्हटल्यावर गेली.

वडिलांना कधी सांगायचं ते मी ठरवलं होतं. रविवारी, भारतात फोन करायच्या कॉलिंग कार्डावर मिनिटं भरपूर असताना. वाक्यही तयार होतं. बाबा, तुमचे ते डॉक्टर चुकले होते. मला काही झालेलं नव्हतं. मला पळू द्यायला हवं होतं. एवढं बोलायचं आणि मग ते काय म्हणतात ते ऐकायचं, कारण त्यांनाही लागावं असं मला वाटत होतं. माझं एकटीचंच का जावं म्हणून.

त्यांना आता ऐकू कमी यायचं. मी मोठ्यानं म्हणाले, "बाबा, इथे माझं हृदय तपासलं. नव्या पद्धतीनं. एकदम चांगलं आहे. आजार नाही."

मग त्यांनी आईला हाक मारली, "अगं, इकडे ये. ऐकलं का, बरं झालं तिचं हृदय. पूर्ण बरं झालं."

"बाबा, तसं नाही..."

"मला ठाऊक होतं, बेटा. थांबवलं म्हणून बरं झालं. वेळेत थांबवलं." त्यांचा आवाज फुटला. वडिलांना रडताना मी तोपर्यंत कधी ऐकलं नव्हतं. "तुला सांगतो, अजून मला पहाटे जाग येते. रोज. पडून राहतो आणि विचार करतो, आपलं चुकलं तर नाही? पोरगी एवढी पळत होती, आपण एका डॉक्टरचं ऐकून तिचं सगळं बंद केलं. कुणाला विचारू? तुझ्या आईलाही कधी बोललो नाही. आज सुटलो मी, बेटा. आज सुटलो."

दाराशी नवरा उभा होता, पळायच्या कपड्यांत, हातात पाण्याची बाटली. काय म्हणतात, असं त्यानं खुणेनं विचारलं.

"हो बाबा," मी म्हणाले. "तुम्ही थांबवलंत म्हणूनच."

ते हसत होते, रडत होते, मागून आई काहीतरी विचारत होती. मी फोन कानाला लावून ऐकत राहिले, आणि माझ्या म्हाताऱ्या वडिलांचा मला इतका हेवा वाटला, की तितका नवऱ्याचाही कधी वाटला नव्हता.